ओट्यावरची फुलं

खूप जुन्या काळची गोष्ट सांगते. मुलांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे एक व्यापारी आला. त्याने स्वखर्चाने चावडीसमोर दगडी ओटा बांधला, शेजारी झेंडूच्या फुलांची टोपली ठेवली आणि म्हणाला, "संध्याकाळी ज्याला वाटेल त्याने ओट्यावर चढावं, घरातलं काही सांगावं. आवडलं तर लोकांनी फुलं टाकावीत. सगळं फुकट!"

आधी कुणी गाय व्याल्याचं सांगितलं, कुणी नव्या चुलीचं. दोन-चार फुलं पडली. मग एकाने घरातलं सासू-सुनेचं भांडण सांगितलं, आणि टोपली रिकामी झाली. फुलं कशाला पडतात ते गावाला कळलं. व्यापारी मात्र बाजूला बसून सगळं नीट ऐकून घ्यायचा.

त्या गावात गिरजा नावाची एक विधवा होती. तिची लेक सगुणा बारा वर्षांची होती, पण अजून कधीकधी अंथरूण ओलं करायची. मग उजाडायच्या आत मायलेकी गोधडी नदीवर धुऊन आणायच्या.

"आई, कुणाला सांगू नकोस हं."

"वेडी का काय? मी कशाला सांगेन!"

गिरजाही ओट्यावर चढायची, पण तिच्या वाट्याला कधी फूल आलं नाही. एके संध्याकाळी खालून कुणीतरी ओरडलं, "गिरजाकाकू, चटकदार काही असेल तर सांगा, नाहीतर उतरा!"

गिरजाला ते लागलं. तिने गोधडीची गोष्ट सांगितली, सगुणाची नक्कल करून सांगितली. लोक पोट धरून हसले. गिरजाचा पदर फुलांनी भरला.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मुलींनी नाकं दाबली. "सरका गं, नदी आली!" सगुणा रिकामी घागर घेऊन परतली.

दुपारी व्यापारी दारात हजर. हातात मेणकापड. "अंथरुणाखाली घालायला घ्या, बाई. तुमच्याकडे लागतं ना?"

गिरजा संतापली. "माझं बोलणं मला परत द्या!"

"मी कुठे मागितलं होतं? तुम्हीच दिलंत. आता ते पुढच्या गावांतल्या व्यापाऱ्यांनाही ठाऊक आहे."

सगुणा भांडली नाही. तिने आईशी बोलणंच सोडलं. एकदा तिचं अंग तापाने फणफणलं, तरी ती गप्प. हात लागला तेव्हा गिरजाला कळलं.

"अगं, सांगायचं नाहीस का?"

"तुला सांगितलं की गावाला कळतं."

गिरजाला ते सोसवेना. मन कुणाजवळ मोकळं करावं? तिचे पाय ओट्याकडेच वळले. डोळ्यांना पदर लावून ती म्हणाली, "माझी लेक माझ्याशी बोलत नाही हो!" बायका हळहळल्या. आजवर कुणावर पडली नव्हती इतकी फुलं तिच्यावर पडली. आणि खरं सांगते, रडता रडता तिला बरं वाटलं.

गर्दीच्या मागे, ताप उतरलेली सगुणा उभी होती. तिने सगळं ऐकलं. दुसऱ्याच दिवशी ती मावशीच्या गावी निघून गेली आणि पुन्हा कधी आईच्या दारात आली नाही.

तात्पर्य: कौतुकापायी आपल्या माणसाचं गुपित चव्हाट्यावर मांडलं, तर कौतुक घटकाभर टिकतं आणि माणूस कायमचं जातं.