सोळा वळणांच्या घंटा

घाटाच्या पायथ्याशी एका गावात सोनबा ओतारी घंटा ओतायचा. हातात कसब असं, की काय सांगावं! त्यानं घंटेच्या लोलकाला तळहाताएवढं पत्र्याचं पान लावलं. वारा आला की पान हलायचं आणि घंटा आपोआप घुमायची. माणूस नको, दोर नको. ती पहिल्यांदा वाजली तेव्हा विहिरीवरच्या बाया पाणी शेंदायचं विसरून उभ्या राहिल्या.

त्या घाटात हिवाळ्यात धुकं फार. दरवर्षी मिठाचे तांडे वाट चुकायचे. बैल जायचे, माणसंही जायची. राजानं घंटा ऐकली आणि त्याचे डोळे भरून आले. तो म्हणाला, "सोनबा, घाटाला सोळा वळणं आहेत. धुकं उतरायच्या आत प्रत्येक वळणावर एक घंटा टांग."

सोनबानं कारखाना थाटला, अकरा माणसं ठेवली. पण महिन्याला घंटा निघे एकच. राजानं विचारलं, तर म्हणे, कोळसा ओला येतो. राजानं सुका कोळसा पाठवला. मग म्हणे, तांब्यात भेसळ आहे. चोख तांबं आलं. मग भट्टी लहान पडू लागली. मोठी भट्टी बांधून झाली, तरी घंटा एकच. लोक म्हणू लागले, नाचता येईना अंगण वाकडं. आता खरं सांगायचं तर सोनबाला नाचता उत्तम येत होतं. अडचण निराळीच होती.

कासं ओतायची वेळ झाली की सोनबा सगळ्यांना बाहेर काढायचा आणि पडदा ओढून घ्यायचा. तांब्यात कथील किती घालायचं, रस कुठल्या रंगावर आला की ओतायचा, हे दुसऱ्या कुणी पाहिलेलंच नव्हतं. अकरा माणसं ओसरीवर बसून राहायची. त्यांतली गिरजाबाई साचे करण्यात हुशार. ती एकदा म्हणाली, "मालक, मला बघू तरी द्या."

"दुसऱ्याचा हात लागला की नाद बिघडतो, बाई," सोनबा म्हणाला. "माझं नाव जाईल."

धुकं उतरलं, तेव्हा घाटात तीनच घंटा होत्या.

आठवड्याभरानं तांड्याचा पुढारी थावरा नाईक कारखान्याच्या दारात आला. त्याचा धाकटा भाऊ दरीत गेला होता. तो ओरडला नाही. इतकंच म्हणाला, "दादा, पहिल्या तीन वळणांवर देवच हाका मारतोय असं वाटलं. आम्ही त्या आवाजावर विसंबून चाललो. चौथ्या वळणावर देव गप्प का झाला?"

सोनबाला कोळसा आठवला, तांबं आठवलं, लहान भट्टी आठवली. तो ढसाढसा रडला. मग उठला, पडदा काढून भट्टीत टाकला आणि म्हणाला, "गिरजाबाई, आत या. सगळेच या."

गिरजाबाईची पहिली घंटा तडकली. दुसरी बद्द वाजली. 'सरका, मीच ओततो' हे सोनबाच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यानं ते गिळलं आणि रसाचा रंग पुन्हा दाखवला. तिसरी घंटा घुमली. मग एकाचं बघून दुसरा शिकला, आणि दीड महिन्यात उरलेल्या सगळ्या घंटा तयार झाल्या.

सोळावी घंटा टांगायला सोनबा स्वतः घाटमाथ्यावर गेला. उतरायला लागला तोच धुकं आलं. स्वतःचा हात दिसेना, पाऊल उचलेना. इतक्यात वारा सुटला. खालून एक घंटा वाजली, मग दुसरी, तिसरी, आणि बघता बघता अख्खा घाट बोलू लागला. सोनबाच्या अंगावर काटा आला. यांतली आपली कुठली आणि गिरजाबाईची कुठली, हे त्याच्या कानालाही कळेना. त्यानं नकळत हात जोडले. मग एकेका नादाचा माग धरत, एकेक वळण उतरत, तो सुखरूप घरी पोचला.

तात्पर्य: कल्पना एकाच्या डोक्यात जन्मते, पण वाढते अनेकांच्या हातांत. नवा उद्योग खुंटला, तर बाहेर बोट दाखवण्याआधी आपली मूठ उघडून पाहावी.