चक्र बसेना, गाडी चढेना

एक होती चिचुंद्री. तिचं नाव चिंचू. टेकडीखाली पत्र्याचं गॅरेज होतं. तिथं ती राहायची. एका जुन्या लोकरीच्या टोपीत तिचं पिल्लू झोपायचं.

एका संध्याकाळी वारा आला. भुर्रर्र. टोपी उडाली. टोपीत पिल्लू होतं. तेही उडालं. पार टेकडीच्या माथ्यावर.

मग धुकं आलं. हळू हळू. गुपचूप. झाडं गेली. वाट गेली. टेकडी गेली. वरून बारीक आवाज आला, "चीं."

चिंचू निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. दारात जाड चाकांची दुचाकी गाडी होती.

"गाडी गाडी, चढ ना. पिल्लू मिळेना."

गाडी म्हणाली, "टेकडी फार उभी. माझ्या मागच्या चाकाचं दातेरी चक्र लहान. लहान चक्र पळतं, मोठं चक्र चढतं. मोठं चक्र बसलं, तर चढेन."

धुक्यातून कुणीतरी म्हणालं, "मिळेना... मिळेना..."

चिंचू पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु. खिळ्याला मोठं चक्र टांगलं होतं. त्याला दातच दात.

"चक्रा चक्रा, बस ना. गाडी चढेना, पिल्लू मिळेना."

चक्र म्हणालं, "मी मोठं. मला चेन पुरत नाही. चेन पुरली, तर बसेन."

धुकं दारापर्यंत आलं. "मिळेना... मिळेना..."

चिंचू पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु. डब्यात काळी चेन वेटोळं घालून बसली होती.

"चेनताई चेनताई, पुर ना. चक्र बसेना, गाडी चढेना, पिल्लू मिळेना."

चेन सळसळली. "मी आखूड. दोन कड्या जुळल्या, तर पुरेन."

धुकं उंबऱ्याच्या आत आलं. "मिळेना... मिळेना..."

चिंचू पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु. वाटीत दोन कड्या होत्या. खुळखुळ, खुळखुळ.

"कड्यांनो कड्यांनो, जुळा ना. चेन पुरेना, चक्र बसेना, गाडी चढेना, पिल्लू मिळेना."

कड्या म्हणाल्या, "आपोआप कशा जुळू? सगुणामावशीनं जोडलं, तर जुळू."

सगुणामावशी गाड्या दुरुस्त करायची. ती कोपऱ्यात हात पुसत होती. चिंचू गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"मावशी मावशी, जोड ना. कड्या जुळेनात, चेन पुरेना, चक्र बसेना, गाडी चढेना, पिल्लू मिळेना."

मावशी म्हणाली, "जोडते की गं. पण धुकं आत आलं. दिवाही लागत नाही. मला माझी बोटं दिसेनात. काजवा चमकला, तर जोडेन."

धुकं चिंचूच्या शेपटीला लागलं. गार गार. "मिळेना... मिळेना..."

चिंचू बाहेर गेली. तुरुतुरु, तुरुतुरु. करवंदीच्या जाळीत काजवा लपला होता.

"काजव्या काजव्या, चमक ना. मावशी जोडेना, कड्या जुळेनात, चेन पुरेना, चक्र बसेना, गाडी चढेना, पिल्लू मिळेना."

काजवा म्हणाला, "धुक्यात कुणीतरी बोलतंय. मला भीती वाटते. कुणी सोबत आलं, तर चमकेन."

"मलाही वाटते," चिंचू म्हणाली. "मी येते सोबत."

दोघं चिकटून निघाले. लुक लुक. काजवा चमकला.

काजवा चमकला, मावशीनं जोडलं. खट खट. मावशीनं जोडलं, कड्या जुळल्या. कड्या जुळल्या, चेन पुरली. चेन पुरली, चक्र बसलं. मावशीनं बोटानं चेन दाबली. चेन थोडीशी हलली.

"ताठ नको, लोंबती नको. अश्शी हवी," मावशी म्हणाली.

चक्र बसलं, गाडी चढली. धर्रर्र, धर्रर्र. मावशी पुढं. चिंचू आणि काजवा मागं.

माथ्यावर सगळं पांढरं. गवतात टोपी होती. चिंचूनं आत पाहिलं.

टोपी रिकामी.

"बाळा?" चिंचूनं हाक मारली.

कुणी बोलेना. धुकंसुद्धा बोलेना.

मग धुक्यातून पिल्लू आलं. तुरुतुरु, तुरुतुरु. चिंचूनं त्याला पोटाशी धरलं. खूप वेळ धरलं.

"आई, मला कुणीतरी मांडीवर घेतलं होतं."

"कुणी रे?"

"दिसलं नाही. गार होतं. पण हळू हळू थोपटत होतं."

चिंचूनं धुक्याकडे पाहिलं. "सांभाळलंत हो माझ्या बाळाला," ती म्हणाली.

धुकं जरासं बाजूला सरलं. खाली जायची वाट दिसली.