भागोजीचा दुहेरी टाका

एका गावात एक भोळा माणूस होता. नाव भागोजी. भोळा असं त्याची आई म्हणायची. गावातले लोक दुसरा शब्द वापरायचे.

भागोजीच्या बायकोचं नाव हौसा. हौसाच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. भागोजीकडे सदरा एकच, आणि त्याच्या खिशाला भोक. त्याने सदरा काखेत मारला आणि निघाला शिंप्याकडे. हौसाने दारातच अडवला.

"शिंप्याला पैशे कशाला द्यायचे? सुई घरात हाय, दोरा घरात हाय, आन् तुमचे हात तर बारा महिने मोकळेच हायत. भोक दिसंल तिथं शिवून टाका. आन् ऐका, माझ्या माहेरच्या मांडवात फाटक्या अंगानं आलात, तर मी परत नांदायला यायची न्हाई!"

भागोजीला घाम फुटला. हौसावर त्याचा फार जीव. ती रागावली तरी त्याला बरं वाटे, कारण तेवढीच ती त्याच्याशी बोलायची. ती माहेरी राहिली तर घर खायला उठेल.

तो सुई घेऊन बसला. खिशाचं भोक शिवलं. मग सदरा उलटापालटा करून पाहिला, तर काय, सगळी भोकंच भोकं! एक वरती गळ्यापाशी. दोन बाजूंना. खालचं तर एवढं मोठं की बोकड आत जाईल. भागोजीने सगळी शिवली. बटणांची काजंसुद्धा सोडली नाहीत. सकाळी सदरा अंगात जाईना. पण भोक म्हणाल तर औषधालाही नव्हतं.

हौसाने कपाळावर हात मारला. "अवो, डोकं कुठनं घालनार? हात कुठनं काढनार? डोक्याला एक आन् हातांना दोन, एवढी वाट मोकळी सोडायची असती!"

भागोजीने हे पक्कं ध्यानात ठेवलं. ध्यानात ठेवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

दुसऱ्या दिवशी हौसा म्हणाली, "उंदरांनी जोंधळ्याचं पोतं कुरतडलंय. तेवढं शिवा." भागोजीने पोतं झकास शिवलं. मग डोक्याला एक आणि हातांना दोन अशी वाट मोकळी सोडली. जोंधळा त्या वाटेने अंगणात गेला. आळीतल्या कोंबड्यांनी दिवाळी केली.

"अवो, चांगलं पोतं कापून ठेवलंत! भोक असंल तिथं ठिगळ लावायचं. आन् ठिगळ घेताना दुसरं तिसरं काय बघू नका. रंग बघा. रंगाला रंग जुळला की झालं."

भागोजीने हेही ध्यानात ठेवलं. त्याच्या धोतराला गुडघ्यावर भोक होतं. तंतोतंत त्याच रंगाचं कापड कुठे मिळणार? त्याच धोतरात! त्याने धोतराच्या टोकाचा तुकडा कापून गुडघ्याला लावला. मग टोकाला भोक पडलं. त्यासाठी मधला तुकडा कापला. मग मध्ये भोक पडलं. दिवस मावळेपर्यंत धोतराचा पंचा झाला.

"अवो, त्यातलंच कापून त्यालाच कुणी लावतं का? दुसऱ्याचं घ्यायचं!"

हौसाला म्हणायचं होतं दुसऱ्या कापडाचं. भागोजीने ऐकलं ते दुसऱ्या माणसाचं. पाटलांच्या कुंपणावर पाटलांचं धोतर वाळत होतं. रंग पांढरा. जुळला! भागोजीने त्यातलं अर्धं कापून आपल्या पंच्याला जोडलं. पाटलांनी मग भागोजीलाच धू धू धुतला.

हौसाने आपलं बोचकं बांधलं आणि ती लग्नाच्या आधीच माहेरी निघाली. जाता जाता बजावून गेली, "कापड अंगातनं काढून शिवत जा! अंगावर शिवायचीच पाळी आली तर तोंडात काडी धरा, न्हाईतर अपशकुन हुतो. आन् टाका दुहेरी घाला. एकेरी लगेच उसवतो."

लग्नाच्या दिवशी भागोजी मांडवात पोचला. सदरा हौसाने उसवून दिल्यामुळे धड होता. पण पाटलांच्या धोतराचा लाल काठ त्याच्या गुडघ्यावरून आडवा गेला होता. बायका पदरात तोंड घालून हसल्या. हौसाने तोंड फिरवलं.

"मी येत न्हाई परत. जावा एकलेच!"

भागोजी मांडवाच्या कोपऱ्यात जाऊन बसला. त्याला रडूच आलं. इतके दिवस बोटं टोचून घेतली, पाटलांचा मार खाल्ला, सगळं हिच्यासाठी, आणि हीच येत नाही म्हणते!

सासरे शेजारी येऊन टेकले. गरीब माणूस. सासूबाईंपुढे त्यांचा आवाज कधी निघाला नव्हता, म्हणून इतरांना ते फार मायेने चार शब्द सांगत.

"जावईबापू, रडू नका. संसार म्हंजी काय, उसवायचाच. उसवला की येळेवर टाका घालायचा. बायकूला जोडून घ्यायचं."

भागोजीने डोळे पुसले. एवढी साधी गोष्ट! हौसाने कशी सांगितली नाही? सुई-दोरा टोपीत खोचलेलाच होता. दोरा दुहेरी केला. कपडे दोघांच्याही अंगावर, म्हणून तोंडात काडी धरली. आता हौसा शोधायची. तिचं लुगडं हिरवं होतं. भागोजी गर्दीत खाली वाकून हिरवा रंग शोधू लागला.

मंगलाष्टकं सरली. मांडवभर एकच गलका झाला, "टाका! टाका!"

बाकीच्यांनी अक्षता टाकल्या. भागोजीने टाका घातला. एक नाही, चांगले वीतभर घातले. हिरवा पदर आणि आपल्या धोतराचा सोगा एकजीव करून टाकला.

आता झालं होतं असं, की स्वस्तात पडतात म्हणून घरातल्या सगळ्या बायकांना एकाच ताग्यातली हिरवी लुगडी घेतली होती. सासूबाई नवरानवरीला ओवाळायला पुढे झाल्या. भागोजी मागोमाग. त्या चुलीकडे गेल्या. भागोजी मागोमाग. त्या गरकन वळल्या.

"जावईबापू, शेपटावानी मागं मागं काय फिरताय?"

भागोजीच्या तोंडात काडी. तो म्हणाला, "ऊं." त्याने एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, एकदा लुगड्याकडे. रंग तर जुळत होता. मग चुकलं कुठे?

सासूबाईंनी पदर ओढला. धोतर सुटायला आलं. दोन्ही हातांनी धोतर धरून भागोजी ओढत गेला. "अगं बया! कात्री आना कुनीतरी!" सासूबाई ओरडल्या.

तेवढ्यात सासरे पुढे आले. स्वतःचं लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्यांचा आवाज घुमला.

"खबरदार! लग्नाच्या घरात, नव्या कापडाला कात्री? जावईबापूंनी एवढं मन लावून जोडलंय. तसंच घेऊन जाऊ द्या. घरी गेल्यावर उसवा सावकाश. घाई न्हाई. वरीसभर लागलं तरी चालंल!"

त्यांनी स्वतः बैल जुंपले. सासूबाईंना गाडीत बसवलं. भागोजी आपोआप बसला.

इकडे हौसाला हसून हसून श्वास घेता येईना. हसताना तिचा सगळा राग विरघळून गेला. नवऱ्याने हे सगळं आपल्यासाठी केलं, हे तिला उमगलं. ती बोचकं काखेत मारून गाडीमागे धावली.

"अवो, थांबा! मी येते! मला घेऊन जावा!"

भागोजीने गाडी थांबवली. टोपी काढून आत नीट पाहिलं. मग तोंडातली काडी काढली आणि कळवळून म्हणाला, "आता कुठनं नेऊ गं तुला? दोरा संपला!"

आणि त्याने बैल हाकले.