मोहफुलांचं कोठार

फार जुन्या काळी नदीकाठच्या रानात एका गव्याचं वाळल्या मोहफुलांचं कोठार होतं. रानाचा कायदा असा, की कोठार तपासणाऱ्या पंचांत तिथे राबणाराही एक हवाच. म्हणून ओझी वाहणारी खार पंच होती.

गव्याला पलीकडच्या काठावरच्या बाजारात फुलं न्यायची होती. पण बाजाराची राखणदार टिटवी म्हणाली, "आमच्याकडे राबणाऱ्याला तपासणीला बसता येत नाही. खारीला काढ, मगच ये."

काढलं तर रान कोठाराला टाळं लावणार, ठेवलं तर बाजार बंद. गवा दिवसभर काठावर येरझारा घालत राहिला. शेवटी तो खारीला घेऊनच टिटवीकडे गेला.

"टिटवीबाई, असा नियम का केलात?" खारीनं विचारलं.

"राबणारा मालकाला घाबरून गप्प बसतो, म्हणून."

"मागच्या खेपेला बुरशी लागली होती, हे पंचांत मीच सांगितलं."

टिटवीनं गव्याकडे पाहिलं. "खरं का?"

सगळा बाजार ऐकत होता. गव्यानं खुरानं माती उकरली, मग मान खाली घातली. "खरं आहे. मला ती खेप फेकावी लागली."

टिटवी वाटेतून बाजूला झाली.

"बसू दे हिला पंचांत," ती म्हणाली. "पण हिला काढशील, त्या दिवशी हा बाजार तुला बंद."