शेवंतीचा वाकडा पूल

डोंगराच्या कुशीत एक इवलंसं गाव होतं. तिथे एका झोपडीत पाच वर्षांची शेवंती आणि तिची आई राहायच्या. छप्पर इतकं विरलेलं, की दुपारी घरभर उन्हाच्या सोनेरी टिकल्या सांडायच्या. आई दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात खुरपायची.

शेवंतीला चित्रांची भारी हौस. पण बालवाडीत कालिंदीताई फळ्यावर काढतील, अगदी तसंच काढायचं. जरा वाकडं झालं, की ताई पुसून टाकायच्या. हळूहळू शेवंती पाटीला हातच लावेनाशी झाली.

एका दुपारी ओढ्याकाठच्या करवंदीच्या जाळीतून बारीकसा हुंदका आला. अंगठ्याएवढी परी काट्यांत अडकली होती! झगा जांभळा, पंख मोरपिशी. शेवंतीने एकेक काटा बाजूला केला. बोटांतून रक्त आलं, तरी ती थांबली नाही.

"गुणाची गं माझी बाय ती!" परी म्हणाली आणि तिने एक सातरंगी खडू दिला. "याने काढशील ते खरं होईल. पण मनातलंच काढ हं. दुसऱ्याचं पाहून काढलंस, तर त्याची माती होईल. आणि खडू संपला, की संपला!"

"मग मी आईला कौलारू घर काढते!"

शेवंती खडकावर वाकली, तोच किंकाळी ऐकू आली. बालवाडीतली छोटी ठकू फुलपाखरामागे धावत ओढ्यातल्या दगडावर गेली होती. वर डोंगरात पाऊस झाला असणार. गढूळ तांबडं पाणी घोंघावत आलं. किंकाळी ऐकून धावत आलेल्या कालिंदीताई पाण्यात उतरल्या, पण लोंढ्याने त्यांना काठावर फेकलं.

शेवंतीने खडूकडे पाहिलं. घर? ठकूच्या घोट्यांना पाणी लागलं होतं.

तिने भराभर पूल काढला. फळ्यावरचा, सरळ रेघांचा. पूल चमकत उभा राहिला आणि धप्पकन त्याची माती झाली! खडू हरभऱ्याएवढा उरला.

"ताई, पाहून काढलं की त्याची माती होते! मनातलं मला नाही येत! तुम्हीच काढा!"

"माझ्या मनात तर तो फळ्यावरचाच पूल आहे गं," ताई रडत म्हणाल्या. "तुला दिसतो तसा काढ. वाकडा तर वाकडा!"

पाणी ठकूच्या गुडघ्यांवर चढलं. शेवंतीने डोळे मिटले. तिला दिसला एक गुबगुबीत हिरवा सुरवंट, पायच पाय असलेला. तिने तोच काढला. खडू संपला.

सळसळ झाली! सुरवंटाने पाठीची कमान केली आणि शंभर पायांनी दोन्ही काठ घट्ट धरले. लाट आदळली. तो हलला, पण सुटला नाही.

"ठकू, रांगत ये! खाली बघू नकोस!"

ठकू रांगत आली आणि ताईंच्या कुशीत शिरली. मगच सुरवंट हिरव्या फेसात विरघळला.

शेवंतीने रिकामे हात पाहिले. "आईचं घर राहिलं," ती पुटपुटली.

"राहिलं कसं? मला दिसलंय ते तुझ्या मनात," परी हसली. तिने शेवंतीच्या दुखऱ्या बोटांवर फुंकर घातली. झोपडीच्या जागी घर उभं राहिलं. कौलं निळी आणि एक खिडकी चक्क तिरकी! परीभोवती चांदणं फुललं आणि त्या लखलखाटातच ती दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी ताईंनी फळा कोरा ठेवला आणि त्या मुलांमध्ये मांडी घालून बसल्या. ठकूने पाटीभर गिरगटलं.

ताईंनी पुसलं नाही. त्या वाकून म्हणाल्या, "सांग बरं, काय काय चाललंय यात?"

ठकू सांगत बसली. घंटा झाली, तरी तिचं सांगणं संपलं नव्हतं.