तळाच्या तबकडीची लाख

“तळाची तबकडी उद्या वितळवायला जाणार. बरंच झालं, कोण ऐकतं तिला!” ग्रामोफोनचा कर्णा किल्लीच्या कानात कुजबुजला. पण कर्ण्याची कुजबुज दारापर्यंत जाते. ग्रामोफोनच्या घरात नवी सून म्हणून आलेल्या सुईने ती ऐकलीच.

तबकड्या लाखेच्या असत आणि जुन्या वितळवून नव्या करत, तेव्हाची ही गोष्ट. चहाच्या एका हॉटेलात गिऱ्हाइकं जे गाणं सारखं मागत, ती तबकडी चळतीत वर असे. जे कुणी मागत नसे, ती तळाला.

त्या दुपारी तळाची तबकडी सुईला म्हणाली, “सूनबाई, काल तू माझ्यावर अर्ध्यापर्यंत आलीस, पण तुझ्या मामंजींनी, त्या कर्ण्याने, आवाज दाबून धरला. एकदा मोकळा सोडला तर गिऱ्हाइकं ऐकतील, मी वाचेन. सांगशील त्यांना?”

नव्या सुनेने आल्या आल्या तोंड उघडू नये, एवढं शिकवूनच सुईला पाठवलं होतं. ती गप्प बसली. सकाळी कारखान्याच्या माणसाने तळाच्या तबकडीचे तुकडे करून पोत्यात भरले.

पुढे त्याच कारखान्यातून नवी कोरी तबकडी आली आणि पहिल्याच दिवशी चळतीत सर्वांत वर चढली. गिऱ्हाइकं माना डोलवू लागली. कर्णा फुलून म्हणाला, “याला म्हणतात नवं गाणं! सूनबाई, अडखळतेस का गं?”

“नवं कसलं, मामंजी?” सुई मोठ्याने म्हणाली. “तिच्या अंगाची खरखर मी ओळखते. गाणं तेवढं पुसलंय. अंग तिचंच आहे, आणि त्यावरून तुम्ही मला चालायला लावताय.”