मानपत्रात जे लिहिले नव्हते

एकदा एक शिक्षक दुसऱ्याच्या सत्कारामुळे आजारी पडला. हसू नका. हा आजार तुम्हाआम्हालाही होतो, फक्त आपण त्याला पित्त म्हणतो आणि आल्याचा तुकडा चघळत बसतो.

शिक्षकाचे नाव यशवंत कुलथे. तालुक्याच्या गावी मराठी शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. ज्यांचा सत्कार व्हायचा होता ते माणिकराव भोईटे, बांधकाम व्यवसायातले बडे नाव. दोघे एकाच वर्गातले, एकाच गुरुजींचे विद्यार्थी. यशवंत पहिल्या बाकावर, भोईटे शेवटच्या. पुढे भोईट्यांनी शाळा अर्ध्यात सोडली आणि ते गवंड्याच्या हाताखाली कामाला लागले. आता त्याच भोईट्यांनी शाळेला नवी इमारत बांधून दिली होती, मुलींचे वसतिगृह उभे केले होते, आणि गाव त्यांना मानपत्र देणार होते.

सत्कार समितीचे अध्यक्ष अर्थातच दोघांचे ते वृद्ध गुरुजी. मानपत्र कुणी लिहावे, असा प्रश्न निघताच ते म्हणाले, "यशवंत लिहील. दुसऱ्या कुणाला जमायचं नाही."

झालं! यशवंतरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन ते बायकोवर कडाडले, "ज्याला ऱ्हस्व-दीर्घ कधी कळलं नाही, त्याच्यासाठी मी विशेषणं शोधायची? मी एवढी मुलं घडवली, ती कुणाला दिसतात का? यानं भिंती बांधल्या, त्या येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतात. डोळ्यांत भरेल त्याचाच सत्कार असतो या जगात!"

"मग गुरुजींना नाही म्हणून सांगा," बायको म्हणाली.

तेवढी हिंमत कुठून आणायची? अर्धी पोळी ताटात टाकून ते लिहायला बसले. आणि लिहिले ते सगळे शालजोडीतले. वाचणाऱ्याला वाटावे स्तुती, आणि ज्याच्यावर लिहिले त्याला आतून टोचावे. भाषेवर हुकमत असलेला माणूस जळू लागला की असेच लिहितो. कागद गुरुजींकडे पोचवून ते त्या दिवशी प्रथमच पोटभर जेवले.

सत्काराच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत गुरुजी शाळेत आले. शिक्षकांच्या खोलीत सगळे डबे खात होते. गुरुजींनी एक खुर्ची मधोमध ओढली आणि म्हणाले, "यशवंता, इथे बस बघू."

यशवंतराव बसले. गुरुजींनी पिशवीतून उद्यासाठी आणलेली शाल काढली आणि त्यांच्या खांद्यावर घातली. हातात नारळ दिला. यशवंतराव खुर्चीत ताठ बसले. अखेर कुणाच्या तरी लक्षात आलं म्हणायचं, असे त्यांच्या मनात आले. गुरुजींनी चष्मा लावला आणि मानपत्र वाचायला सुरुवात केली.

"श्रीयुत यशवंत कुलथे यांनी आपल्या सवडीनुसार शिक्षणकार्यास हातभार लावला आहे. परिस्थिती आणि कुवत यांच्या मर्यादा असूनही त्यांनी गाठलेली मजल कौतुकास्पदच म्हणावी लागेल. व्यवसायाच्या निमित्ताने त्यांचा शाळेशी संबंध आला, आणि तो त्यांनी जमेल तसा टिकवला. कीर्तीची आवड कुणाला नसते? त्यांनी ती सत्कार्यातून भागवली, हे आपले भाग्य."

चित्रकलेच्या बाईंनी टाळी वाजवायला उचललेले हात तसेच खाली घेतले. कुणी कुणाकडे बघेना. घंटा झाली तसे एकेक जण डबा आवरून वर्गावर गेला.

यशवंतरावांनी शाल काढून टेबलावर ठेवली. "गुरुजी, मी उभी हयात इथे घालवली, ती सवडीनुसार? आणि कुवत काढलीत माझी? सगळ्यांदेखत?"

"एक अक्षर माझं नाही," गुरुजी म्हणाले. "नाव तेवढं बदललं."

यशवंतराव मान खाली घालून बसले. मग गुरुजी शेजारच्या खुर्चीवर टेकले आणि हळू आवाजात बोलू लागले.

"तुझ्या पोटात दुखतंय हे मला आधीपासून ठाऊक होतं. म्हणूनच तुझं नाव सांगितलं. अरे, भोईट्याचे मित्र त्याची स्तुती करतील, ती काय, कुणाचीही करता येते. पण ज्याला हेवा वाटतो, तो समोरच्याला डोळ्यांत तेल घालून पाहत असतो. त्याचं मोठेपण नेमकं कशात आहे, हे त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. हा कागद तू फार जपून लिहिला आहेस, यशवंता. एवढं जपून माणूस तेव्हाच लिहितो, जेव्हा काहीतरी बाहेर ठेवायचं असतं. काय ठेवलंस बाहेर?"

यशवंतरावांनी हातातला नारळ टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "त्याच्या प्रत्येक कामावर पाया खणायच्या आधी पत्र्याची एक खोली उभी राहते. मजुरांच्या मुलांची शाळा. हे सगळ्यांना माहीत आहे. पण एकदा बाजारपेठेत त्याच्या इमारतीचा स्लॅब ओतायचं काम चाललं होतं. स्लॅब एकदा सुरू झाला की मध्ये थांबवता येत नाही. त्या दिवशी माणसं कमी आली होती. मुकादम खोलीतल्या मोठ्या पोरांना घमेली उचलायला काढू लागला. भोईटे गाडीतून उतरला, पोरांना परत वर्गात बसवलं, अंगातला सदरा काढला आणि स्वतः रांगेत उभा राहून घमेली देऊ लागला. स्लॅब संपेपर्यंत. मी समोरच्या दुकानाशी उभा होतो."

"मग हे कुठे आहे यात?" गुरुजींनी विचारले.

"लिहवलं नाही, गुरुजी. लिहिलं असतं, तर तो माझ्यापेक्षा चांगला शिक्षक आहे असं मान्य करावं लागलं असतं."

गुरुजींनी कागद त्यांच्या हातात परत दिला, शाल घडी करून पिशवीत ठेवली, आणि काठी टेकत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी यशवंतरावांनी नवे मानपत्र वाचले. त्यात विशेषण एकही नव्हते. पत्र्याची खोली होती, घमेल्यांची रांग होती, आणि 'हे मी स्वतः पाहिले आहे' असे शेवटचे वाक्य होते. सभागृह टाळ्यांनी दणाणले, तेव्हा त्यांच्या मनात पुन्हा एकदा जळजळ उठली. खोटे कशाला सांगू, उठलीच. एका रात्रीत कुणी संत होत नाही.

कार्यक्रम आटोपल्यावर हार काढत भोईटे त्यांच्याजवळ आले. "यशवंता, त्या दिवशी तू तिथं होतास?"

"होतो. समोरच्या दुकानाशी."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

भोईटे त्यांच्याकडे पाहत राहिले. रागाचा लवलेश नव्हता, नवल तेवढे होते. "अरे, मग आला का नाहीस? रांगेत एक माणूस कमीच पडत होता."

आयुष्यभर ज्या माणसाशी यशवंतराव चुरस लावून बसले होते, त्याला त्या चुरशीची खबरच नव्हती. त्यांनी भोईट्यांच्या हातातले जड हार आपल्याकडे घेतले आणि गाडीपर्यंत त्यांच्या बरोबरीने चालत गेले.

ज्याचा हेवा वाटतो, त्याच्या कामात एखादा हात कमी पडतो आहे का, ते आधी पाहावे.